ठासणीची पहिली रायफल: बार भरण्याआधीचे प्रश्न

मागच्या अंकात पेनसिल्वेनियातल्या फ्लिंटलॉक (चकमकीच्या ठिणगीवर उडणारी ठासणीची बंदूक) शिकारीच्या सीझनबद्दल दोन-चार ओळी काय लिहिल्या, पत्रंच पत्रं आली. बहुतेक अमेरिकेतल्या मराठी मंडळींची, एक-दोन कोकणातली. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: काका नमस्कार. मी लँकेस्टरजवळ राहतो. .५० कॅलिबरची सेकंडहँड फ्लिंटलॉक घेतलीय, पॅच (गोळीभोवती गुंडाळायची चिंधी) आणि गोल गोळीवाली. ख्रिसमसनंतरच्या सीझनला जायचा विचार आहे. दुकानात ॲक्सेसरीजची अख्खी भिंत आहे, बघून डोकंच चालेना. मित्र म्हणतो सरळ स्टार्टर किट उचल. काय काय घेऊ?

उत्तर: अरे वा, राहतोस पण बरोबर जागी, अठराव्या शतकात लांब नळीच्या पेनसिल्वेनिया रायफली घडवणारे कारागीर त्याच लँकेस्टरच्या आसपासचे. आणि तुमच्या राज्यातला तो ख्रिसमसनंतरचा सीझन १९७४ पासून आहे, त्यात फक्त चकमकीचीच चालते, टोपीवाली (निपल नावाच्या बारीक नळीवर स्फोटक टोपी बसवून उडणारी) किंवा इनलाइन (टोपी नळीच्या मागे सरळ रेषेत बसणारी आधुनिक ठासणीची) नाही, त्यामुळे बंदूक तू योग्य घेतलीस.

किटचं म्हणशील तर नको घेऊस. किटमध्ये निम्म्या वस्तू तुझ्या कॅलिबरच्या नसतात किंवा टोपीवाल्या बंदुकीच्या असतात, निपल रेंच, कॅपर वगैरे, फ्लिंटलॉकला त्याचा काय उपयोग. आणि अजून बंदुकीची दारू विकत घेऊ नकोस. सेकंडहँड आहे ना, मग आधी गज (बार ठासायची लांब दांडी) नळीत सोडून बघ की आत काही भरलेलं तर नाही. गज तळापर्यंत जातो का ते बाहेरून नळीशेजारी धरून मोज. कान (नळीच्या मागच्या टोकाशी आग आत जायचं बारीक भोक) जिथे आहे जवळपास तिथपर्यंत गेला पाहिजे, दोन-तीन बोटं आधीच अडला तर आत बार, म्हणजे दारू आणि गोळी, आहे असं समजायचं आणि गनस्मिथकडे न्यायची. हसू नकोस, जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत भिंतीवर वर्षानुवर्षं लटकलेल्या सापडतात. रिकामी असली तरी एकदा गनस्मिथला नळी आणि लॉक (चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी यंत्रणा) दाखवच.

आता खरेदी. सगळ्यात आधी पावडर मेजर, म्हणजे दारूचं माप, पितळेचं, खालीवर करता येणारं. ब्लॅक पावडर (जुन्या पद्धतीची काळी दारू) मापाने भरतात, वजनाने नाही. मापावर जे ग्रेनचे आकडे असतात ते आकारमानाचे. ५० ग्रेन म्हणजे साधारण सव्वातीन ग्रॅम, एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे पाउंडाच्या एका डब्यात असे १४० बार निघतात, सुरुवातीला एक डबा खूप झाला. .५० ला गोल गोळीसाठी ५० ग्रेनपासून सुरुवात करतात आणि टार्गेटला तेवढं पुष्कळ होतं, पण वरची मर्यादा मात्र तुझ्या बंदुकीच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तीच, मॅन्युअल मिळालं नसेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घे, रेंजवर शेजारी उभा असलेला कितीही छातीठोकपणे सांगू दे.

दारू फ्लिंटलॉकला खरी ब्लॅक पावडरच हवी. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात, ठिणगीवर नीट पेटत नाहीत, मग घोडा (गार धरणारा हातोडा) पडतो, पॅनमध्ये (कानाबाहेरच्या छोट्या वाटीत) भुस्स होतं आणि हरीण तुझ्याकडे बघत उभं राहतं. नळीत टू एफ (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक), पॅनमध्ये रंजक, म्हणजे पेटवायची दारू, म्हणून फोर एफ, ती एकदम बारीक असते. थ्री एफ लहान कॅलिबरला वापरतात, .५० मध्येही वापरणारे आहेत, पण त्याच मापात ती जोर जास्त करते, म्हणून मॅन्युअल काय म्हणतं ते बघूनच. गोएक्स ही ब्लॅक पावडर लुइझियानात मिंडेनला बनते, २०२१ ला बंद पडली होती तेव्हा लोकांनी डबे साठवून ठेवले होते, पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने ती विकत घेतली. स्विस नावाची पावडर पण चांगली, महाग. ऑनलाइन मागवलीस तर घातक मालाचा वेगळा चार्ज लागतो, त्यापेक्षा जवळच्या दुकानात मिळाली तर बघ.

गोळी .४९० ची, मऊ शिशाची, आणि पॅच .०१५ इंच जाडीचा, हा .५० चा नेहमीचा जोड आहे. खूपच घट्ट जात असेल तर .०१० चा पॅच घ्यायचा. पॅच सुती किंवा लिननचा, उश्यांच्या अभ्र्याचं जाड टिकिंग मिळतं ना ते उत्तम, सिंथेटिक अजिबात नको, वितळतं आणि नळीत चिकटतं. वंगण नैसर्गिक घे, मेण-चरबीवालं. पेट्रोलियमचं तेल ब्लॅक पावडरच्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो.

आणि जिथे लोक पैसे वाचवतात ती गोष्ट म्हणजे गज. बंदुकीखाली जो लाकडी गज असतो तो शिकारीपुरता ठेव, रेंजवर वेगळा मजबूत गज घे, पितळेचा किंवा फायबरग्लासचा, नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या गाइडसकट. लाकडी गज वाकून मोडला की त्याची तिरकी टोकदार काडी तळहातातून आरपार जाते, ठासणीच्या खेळातली ही नेहमीची जखम आहे. गजाला लागणारी जॅग (पुसायचा पॅच धरणारं टोक), पॅच हरवला तर काढायचा वर्म आणि गोळी काढायचा पुलर, तिन्ही त्याच दिवशी घे. पुलर लागणार नाही असं वाटतं. लागतो.

बाकी शॉर्ट स्टार्टर (गोळी नळीच्या तोंडात ढकलायचा आखूड दांडा), कानात घालायची पिन, पॅन झाडायचा छोटा ब्रश, रंजकाची लहान बाटली, दोन-तीन जादा गारा (चकमकीचे दगड) आणि त्या घोड्याच्या जबड्यात धरायला चामड्याचा तुकडा. फ्रिझनवर (गार घासून ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी) चढवायची चामड्याची टोपी पण घे, बार भरताना चुकून घोडा पडला तरी ठिणगी पडत नाही. डोळ्याला चष्मा आणि कानाला मफ तर हवेतच, फ्लिंटलॉकचं पॅन तुझ्या डोळ्यापासून वीतभर लांब पेटणारे.

काय नको ते पण सांगतो. कोरीवकाम केलेलं पावडर हॉर्न (दारू ठेवायचं शिंग), झालरीची चामड्याची पिशवी, हरणाच्या शिंगाच्या मुठीचा पॅच नाइफ. दिसायला झकास आहेत, माझ्याकडेही आहेत, पण त्याशिवाय गोळी तितकीच सरळ जाते.

प्रश्न: बार भरायचा क्रम नीट सांगाल का? व्हिडिओ बघितले तर प्रत्येकजण वेगळं करतो. (इंडियाना आणि ओहायोतून आलेली तीन पत्रं.)

उत्तर: क्रम एकच ठरवा आणि तो मोडू नका, आणि बार भरताना कुणाशी बोलू नका, खरंच सांगतो, रेंजवर जेवढे घोटाळे होतात त्यातले बहुतेक "काय रे कधी आलास"ने होतात. दारू घातली की नाही तेच आठवत नाही, मग एकतर कोरडी गोळी बसते नाहीतर दोन बार.

घरून निघायच्या आधीच गजावर दोन खुणा करून ठेवा. एक रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की तोंडाशी जिथे येतो तिथे, दुसरी तुमचा ठरलेला बार आणि गोळी नीट बसल्यावर. पहिली आजच करता येते, दुसरी पहिल्या बाराला. या दोन रेघा म्हणजे तुमचा सगळ्यात स्वस्त विमा. १८६३ साली अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरच्या बंदुका गोळा केल्या तेव्हा हजारो बंदुकांत एकावर एक बार भरलेले निघाले, काहींत तर दोनाहून जास्त. गोंधळात, धुरात त्या पोरांना आपली बंदूक उडालीच नाही हे कळलंच नव्हतं. तुमच्या रेंजवर तेवढा गोंधळ नसतो पण माणूस तोच आहे.

तर आता रेंजवर. नळी वर, तोंडापासून लांब, आणि तुमच्या शरीराचा कुठलाही भाग नळीच्या तोंडावर झुकलेला नाही. पॅन रिकामं, फ्रिझन उघडी, घोडा खाली. गज सोडून रिकामीची खूण बघायची. मग कोरड्या पॅचने नळीतलं तेल पुसायचं, कानात पिन घालून तो मोकळा करायचा. टोपीवाली असेल तर नुसत्या एक-दोन टोप्या उडवायच्या, नळी गवताच्या पात्याजवळ धरून, पातं हललं म्हणजे वाट मोकळी.

दारू हॉर्नमधून किंवा फ्लास्कमधून आधी मापात, फ्लास्क बंद करून बाजूला लांब ठेवायचा, आणि मग मापातून नळीत. फ्लास्कमधून थेट नळीत कधीच नाही. आधीच्या बाराची एखादी धुमसती ठिणगी आत राहिली असेल तर मापातली ५० ग्रेन भडकेल, हात भाजेल, पण फ्लास्क तोंडाशी असेल तर अख्खा फ्लास्क हातात फुटतो. याच कारणासाठी बार उडाल्याबरोबर घाईने पुढचा भरायचा नाही, थोडं थांबायचं आणि मधे ओलसर पॅच फिरवायचा, काजळीही निघते. जुने लोक नळीत तोंडाने फुंकर मारायचे, ते बघून करू नका, बंदुकीच्या तोंडाला तोंड लावायची सवय नकोच.

दारू घातली की नळीच्या बाजूला हाताने दोन टपल्या. वंगण लावलेला पॅच तोंडावर, त्यावर गोळी, ओतल्याची टोकदार खूण असेल तर ती वर, शॉर्ट स्टार्टरने आत घालायची. मग गज. गज वरून लांब धरून दाबायचा नाही, तोंडाजवळ वीतभर अंतरावर धरून छोट्या छोट्या दाबांनी खाली न्यायचा. गोळी दारूवर टेकली पाहिजे, घट्ट, मधे पोकळी अजिबात नको. गोळी अर्ध्यात अडकलेली असताना बार उडवला तर नळी तिथे फुगते, फाटूही शकते. पण टेकली म्हणून गज आपटत बसायचं नाही, दारूचे दाणे चिरडतात आणि प्रत्येक बार वेगळा उडतो. भरल्याची खूण तोंडाशी आली का बघा, आली की झालं. खूण वर राहिली तर गोळी बसली नाही किंवा दोन बार आहेत, खाली गेली तर दारूच नाही.

गज काढा. बाकावर समोर दिसेल असा ठेवा. गज उडवणारे लोक आहेत, शंभर यार्डावर सापडतो मग.

रंजक सगळ्यात शेवटी, फायरिंग लाइनवर जाऊन, नळी टार्गेटकडे असताना. टोपीचंही तेच. पॅन काठोकाठ भरायचं नाही, थोडीशीच, आणि कानात ठासलेली नको. कानातून आगीची झळ आत जायला हवी, तो भरलेला असला की वातीसारखं आधी जळत जातं आणि तुम्हाला "फुस्स... ठो" असं ऐकू येतं. उजव्या हाताच्या फ्लिंटलॉकला कान उजवीकडे असतो आणि बार उडताना त्यातून गरम गॅसचा झोत बाहेर येतो, म्हणून बघायला आलेल्या मित्राला डावीकडे मागे उभं करा, मोबाइलवर शूट करायला तो हमखास उजवीकडे येतो.

चार-पाच बार झाले की पुढे जाऊन (लाइन थंड, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार बंद झाल्यावर, कमांड मिळाल्यावर) जमिनीवर पडलेले पॅच गोळा करा, दहा-वीस पावलांवर मिळतात. हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं. मधे काळा गोल आणि कडा शाबूत, म्हणजे जोड बरोबर. मधे जळून भोक पडलंय तर पॅच पातळ आहे किंवा वंगण कमी पडतंय. कापल्यासारख्या चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची कड किंवा आतल्या आट्यांची धार तिखट आहे. टार्गेटवरची भोकं बघून डोकं खाजवण्यापेक्षा हे चिंधीचे तुकडे जास्त सांगतात.

इंडियानावाल्यांनो, तुमच्याकडे तर फ्रेंडशिप गाव आहे, नॅशनल मझललोडिंग (ठासणीच्या) रायफल असोसिएशनचं घर, संस्था १९३३ पासूनची. जून आणि सप्टेंबरला तिथे मोठ्या स्पर्धा भरतात. जाऊन नुसतं बघा, म्हातारे नेमबाज हौसेने शिकवतात.

प्रश्न: घोडा पडला, पॅनमध्ये भडका उडाला, पण बार उडालाच नाही. काय करायचं?

उत्तर: काहीच नाही, आणि तेच अवघड असतं. बंदूक खांद्यावरून खाली घेऊन नळीत डोकावणारे लोक मी बघितलेत. नळी टार्गेटकडेच ठेवायची, किमान एक मिनिट, मी दोन सांगतो. बार आत धुमसत असेल तर तो उशिरा उडू शकतो. मग पिनेने कान साफ, पुन्हा रंजक, पुन्हा घोडा. दोन-तीनदा फुसका बार निघाला आणि गजाची खूण सांगते की दारू आत आहे, तर दारू ओली झाली असेल. टोपीवालीला निपल काढून थोडी कोरडी दारू घालता येते, फ्लिंटलॉकला कानातून थोडी फोर एफ सरकवायची, आणि पुन्हा गोळी नीट टेकलेली आहे ना हे गजाने बघून मगच उडवायची.

दारू घालायचीच राहिली आणि नुसती गोळी बसली तर त्यालाही हाच उपाय. अजून सोपं म्हणजे सीओटूचा डिस्चार्जर, कानाला किंवा निपलला लावून गॅसने गोळी बाहेर ढकलायची, नळी सुरक्षित दिशेला धरून. पुलरचा स्क्रू गोळीत घालून ओढणं शेवटचा मार्ग, आणि आत दारू असेल तर आधी कानातून पाणी घालून ती पूर्ण भिजवल्याशिवाय पुलर लावायचा नाही.

प्रश्न: शेजाऱ्याकडे रीलोडिंगची (काडतुसं पुन्हा भरायची) स्मोकलेस, म्हणजे आधुनिक बिनधुराची, पावडर उरलीय, फुकट देतोय. थोडी कमी घालून चालेल का?

उत्तर: नाही. थोडी नाही, अर्धी नाही, मिसळूनही नाही. स्मोकलेसचा दाब वेगळ्याच पातळीचा असतो, ब्लॅक पावडरची नळी फुटते आणि डावा हात नळीखालीच असतो. स्मोकलेससाठी मुद्दाम बनवलेल्या मझललोडर मोजक्या आहेत, तुमची त्यातली असती तर हा प्रश्न पडला नसता. डब्याला लेबल नसेल किंवा आतला माल दुसऱ्या डब्यातला असेल तर तो घरातही आणू नका.

पर्यायी पावडर ही वेगळी गोष्ट, इनलाइनवाल्यांना ती चालते. पण तिथेही मापाचं गणित सारखं नाही. ट्रिपल सेव्हनला जोर जास्त, ब्लॅक पावडरइतका वेग हवा असेल तर मापाने १५ टक्के कमी घालतात. ब्लॅकहॉर्न २०९ या पावडरला नावाप्रमाणे २०९ चा प्रायमर (जोरदार पेटवणारी टोपी) लागतो, साध्या टोपीवर पेटत नाही.

प्रश्न: मी एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे. मझललोडर ठेवली तर चालते का? आणि विमानातून टेक्ससला मित्राकडे न्यायचीय.

उत्तर: १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये ब्लॅक पावडरवर चालणाऱ्या आणि काडतूस न घेणाऱ्या मझललोडरला फेडरल पातळीवर "फायरआर्म" धरत नाहीत, अँटिक म्हणून वगळलेलं आहे. पण यात दोन खाचा आहेत. ज्या बंदुकीची नळी बदलून ती आधुनिक रायफल होऊ शकते ती या सवलतीत बसत नाही, काही इनलाइन अशाच असतात. आणि राज्यांचे कायदे वेगळे, न्यू जर्सीत ठासणीचीही फायरआर्मच धरतात. व्हिसाचा मामला आहे, म्हणून दुकानदाराच्या "नो प्रॉब्लेम"वर जाऊ नका, तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, आणि शिकार करणार असाल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि लायसन्स लागतंच.

विमानाचं उत्तर सोपं आहे. बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक केसमध्ये, चेक-इन सामानात, एअरलाइनला आधी सांगून. ब्लॅक पावडर आणि टोप्या मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ना हातातल्या ना चेक-इन. फ्लास्क पण घरी ठेवा, तळाला दाणे राहतात. दारू टेक्ससलाच घ्या.

प्रश्न: साफसफाई दुसऱ्या दिवशी केली तर काय बिघडतं? रात्री थकून येतो हो.

उत्तर: गंज चढतो. ब्लॅक पावडरच्या काजळीत क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात, लोखंडी कढई रात्रभर ओली ठेवल्यावर सकाळी जशी लाल होते तसं नळीत आतून होतं आणि तिथे तुम्हाला दिसत नाही. त्याच संध्याकाळी, रिकामी असल्याची खूण बघून, लॉक काढून, गरम पाणी आणि भांड्याचा साबण. दुसरं महाग काही लागत नाही. पॅच स्वच्छ निघेपर्यंत, मग कोरडे पॅच, मग पातळ तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी एकदा परत कोरडा पॅच फिरवून बघा, तपकिरी आला तर पुन्हा. ब्लॅकहॉर्नवाल्यांनी पाण्याने नाही, पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटने धुवायची. किचनच्या सिंकमध्ये करणार असाल तर वास कुजक्या अंड्याचा येतो, घरातल्यांना आधी सांगा.

आणि ते शेवटी लावलेलं तेल पुढच्या वेळी बार भरायच्या आधी पुसायचं असतं, नाहीतर पहिली दारू तेलात भिजते आणि मग वरचा फुसक्या बाराचा प्रश्न तुम्ही मला पाठवता.

प्रश्न: आमच्याकडे सिंधुदुर्गात काकांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, निवडणुकीत दरवेळी पोलीस ठाण्यात जमा करतात. मी अमेरिकेतून आलो की दोन बार उडवून बघू का? आणि येताना तिकडून चांगला गज, माप आणू का?

उत्तर: बार उडवू नका. भारतात ठासणीची असो की काडतुसाची, आर्म्स ॲक्ट १९५९ खाली परवाना लागतो आणि परवाना काकांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. अमेरिकेतली अँटिकची सवलत इथे लागू नाही. शिकारीचा तर विषयच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे, माकडं-डुकरं कितीही त्रास देत असली तरी त्यांना पळवायचे आणि मारायचे नियम वेगळे आहेत आणि ते वनखात्याकडून विचारून घ्यायचे.

तिकडून बंदुकीचा कुठलाही सुटा भाग आणायच्या फंदात पडू नका, कस्टम्सला समजावत बसावं लागेल. काकांसाठी करण्यासारखं एकच आहे. बंदूक ठाण्यातून परत आली की ती रिकामी आहे का हे काकांनी गज टाकून बघायचं, आणि गजावर त्या दोन खुणा नसतील तर काकांकडूनच करून घ्यायच्या, त्याला कोळसा नाहीतर चाकूची रेघ पुरते.